शिळेवर नसलेला आकडा

शाळेच्या रस्त्याला जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी शिळा बसवलेली आहे, ती बहुतेकांना आठवत असेल. बाजारच्या दिवशी तिच्याखाली भाजीवाल्या बसत आणि आपण सायकली तिला टेकवून ठेवत असू. शिळेवरचा मजकूर दोन ओळींचा आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती कामी आली, एवढाच. युद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने अशा शिळा गावोगाव बसवल्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कितीतरी गावांत त्या अजून दिसतात. आपल्याच जिल्ह्यातल्या आपशिंग्याचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले आणि गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला.

शिळेवर आकडे दोनच. पहिल्यातून दुसरा वजा केला की परत आलेल्यांची संख्या निघते. ती मात्र कोणी कोरली नाही, आणि त्या माणसांचे घरी आल्यावर काय झाले हेही कोणी लिहून ठेवले नाही. आपल्याला दहावीला पहिले महायुद्ध होते: कारणे आणि परिणाम, प्रत्येकी पाच मुद्दे. साराजेव्होचा खून सगळ्यांना पाठ. इतिहासाचे सर शिकवत उत्तम, पण पोर्शन संपवायचा असल्याने साराजेव्होहून आपल्या चावडीपर्यंत यायला त्यांना कधी तास उरला नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने तो राहिलेला तास घेण्याचा हा प्रयत्न आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, नोकरी बँकेत झाली. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका.

आपल्या भागातल्या मराठा पलटणी त्या युद्धात सर्वांत जास्त राबल्या त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. नोव्हेंबर १९१४ मध्ये शत्त-अल-अरबच्या मुखाशी ज्या पहिल्या ब्रिगेडने पाय ठेवला, तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. ही ब्रिगेड सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनची. याच डिव्हिजनमधून पुढे १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्रीही तिथे लढल्या. त्याच महिन्यात बसरा पडले. पुढच्या वर्षी जनरल टाउनशेंड ही डिव्हिजन घेऊन तैग्रीस नदीच्या काठाने वर सरकत गेला. जूनमध्ये अमारा, सप्टेंबरअखेर कुट. तिथे थांबायला हवे होते. पण बगदादचा मोह वरच्यांना आवरला नाही. नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे वीस-पंचवीस मैलांवर टेसिफॉनला तुर्कांशी गाठ पडली, माणसांची प्रचंड हानी झाली आणि उरलेले सैन्य पाय ओढत पुन्हा कुटला आले. कुट हे नदीच्या वळणात वसलेले गाव, तीन बाजूंना पाणी. तुर्कांनी चौथी बाजू बंद केली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने हा वेढा चालला.

वेढा फोडायला खालून आलेल्या फौजेची सुमारे तेवीस हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. आत अडकलेले होते तेरा हजारांच्या आसपास. म्हणजे सोडवायला आलेल्यांतले पडलेच जास्त. आत धान्य संपत चालले. विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयोग झाला, दळणासाठी जात्याचे दगडसुद्धा आकाशातून पडले. पण तेरा हजार पोटांना ते पुरणार कसे? हिंदी शिपायांच्या वाट्याला जवाचे पीठ येई, तेही दिवसेंदिवस कमी कमी. मग घोडी आणि खेचरे मारायला सुरुवात झाली. गोरे सैनिक घोड्याचे मांस खाऊ लागले, हिंदी शिपाई खाईनात.

याचे कारण इंग्रजी पुस्तकांत 'धार्मिक समजुती' अशा दोन शब्दांत संपते. ते तेवढ्यात संपणारे नाही. मांस या लोकांना वर्ज्य नव्हते. अडचण होती ती परतीची. घोडे खाल्ले हे गावी कळले तर पंगतीला कोण घेणार? पोरीबाळींना स्थळे कुठून येणार? हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती बिनतारी संदेशाने कुटमध्ये आणली गेली, तरीही पुष्कळजण बराच काळ अडून राहिले. शेवटी एप्रिलमध्ये, अगदी गळ्याशी आल्यावर, बहुतेकांनी खाल्ले. समोर तुर्क, पोटात आग, आणि या माणसांना भीती वाटत होती ती आपल्याच गावच्या मारुतीपुढच्या पारावर बसणाऱ्यांची. परत जाण्याची तयारी माणूस तिथे, वेढ्यातच करत होता, असा याचा अर्थ मी लावतो.

२९ एप्रिलला कुट पडले. टाउनशेंडसाहेबाला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला. शिपायांना मिळाली वाट. बगदाद, पुढे समर्रापर्यंत आगगाडी, आणि तिथून पायी: तिक्रीत, मोसुल आणि वाळवंट ओलांडून रास-अल-ऐन. कुटपासून सगळे मिळून पाचशे मैलांच्या घरात जाते. मे-जूनचे ऊन, पायांत बूट नाहीत, हगवणीने माणसे पोखरलेली. मागे पडला तो राहिला. पोचले त्यांना जर्मन कंपनी बांधत असलेल्या बगदाद रेल्वेवर खडी फोडायला लावले. पकडलेल्या गोऱ्या शिपायांतले निम्म्याहून अधिक कैदेत मेले, हिंदी शिपाई हजारोंनी मेले किंवा बेपत्ता झाले. त्या कैदेची आठवण बंगालीत आहे. शिशिर प्रसाद सर्वाधिकारी नावाचे बंगाल अँब्युलन्स कोअरमधले एक गृहस्थ त्याच कैदेत होते, त्यांनी पुढे चाळीस वर्षांनी 'अभि ले बगदाद' हे पुस्तक लिहिले. आपल्याकडच्या शिपायांपैकी बहुतेकांना सही करता येत नव्हती, अंगठा होता. पुस्तक कोण लिहिणार?

इकडे घरी काय चालले होते? बातमी नाही. पलटणीकडून कळले तर एवढेच की माणूस बेपत्ता. या शब्दाने घराची जी कोंडी होते ती मृत्यूच्या बातमीने होत नाही. मेल्याचे तेरावे घालता येते. बेपत्त्याचे काय करायचे?

आपल्या धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार केलेला आहे, हे वाचून मी चकित झालो. परदेशी गेलेल्याची बारा वर्षे वार्ता आली नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यावा, असा विधी आहे. आणि समजा, त्यानंतर तो माणूस जिवंत परत आला तर? निर्णयसिंधूसारख्या ग्रंथांत त्याचेही उत्तर आहे. त्याला तुपाच्या भांड्यात बुडवून बाहेर काढावे, न्हाऊ घालावे, जातकर्मापासूनचे सगळे संस्कार पुन्हा करावेत आणि आधीच्याच बायकोशी त्याचे पुन्हा लग्न लावावे. म्हणजे मेलेला माणूस घरात तसाच आत येऊ शकत नाही, त्याला आधी जन्म घ्यावा लागतो. या विधीला कोणी हसेल. मला तो फार समजूतदार वाटतो. निदान एक गोष्ट त्यात मान्य केलेली आहे, की गेला होता तोच माणूस परत आलेला नसतो.

मराठ्यांच्या इतिहासात याचे सर्वांत मोठे उदाहरण पानिपतचे. १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी ते मानले नाही. त्या कुंकू लावत राहिल्या. १७८३ मध्ये त्या वारल्या, तेव्हा बावीस वर्षांनी दोघांचेही उत्तरकार्य एकत्र झाले. मधल्या काळात भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला. रत्नागिरीच्या मामलेदाराने त्याला उचलून धरले, कोकणातले किल्ले धडाधड त्याच्या ताब्यात गेले आणि १७७६ अखेर पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' नाटक यावरच आहे. राजकारण बाजूला ठेवा. हजारो लोक त्या तोतयामागे का गेले असतील? पानिपतावर ज्यांचे कोणी ना कोणी नाहीसे झाले होते अशी घरे तेव्हा महाराष्ट्रात पोत्याने होती. भाऊ परत येऊ शकतो तर आपलाही येईल, हा हिशेब त्यात असणारच.

आता घरची गोष्ट सांगतो. माझी आजी आपल्यातल्या निम्म्याजणांनी पाहिलेली आहे. मधल्या सुट्टीत आमच्या घरी येऊन तिच्या हातची भाकरी आणि लसणाची चटणी खाल्लेले अजून त्या चटणीचे नाव काढतात. तिचे माहेर कोरेगाव तालुक्यातले. तिचे वडील ११७ व्या पलटणीत शिपाई होते. ते गेले तेव्हा आजी तीन वर्षांची आणि परत आले तेव्हा सात-आठ वर्षांची. कुट पडल्यानंतर तीन वर्षे घरी ना कार्ड आले ना निरोप. भावकीने दुसऱ्या वर्षापासूनच तिच्या आईच्या मागे लागायला सुरुवात केली: बांगड्या फोड, दिवस घालू, जमिनीचे काय ते एकदा मिटवू. जमीन दोन एकर. आजीची आई बधली नाही. "कागुद येऊ दे, मग बघू," एवढेच ती म्हणे. पार्वतीबाईंचे नावही तिने ऐकले नसेल.

मग १९१८ साल आले. त्या वर्षी पाऊस गेला, धान्य कडाडले, आणि वर मानमोडी आली. शाळेच्या पुस्तकात तिला 'इन्फ्लुएंझाची साथ' म्हणतात, आपल्याकडे तिचे नाव मानमोडी. जूनमध्ये ती मुंबई बंदरात उतरली, सप्टेंबरात पुन्हा उसळली आणि ऑक्टोबरात खेड्यापाड्यांत पसरली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. १९२१ च्या जनगणनेत इलाख्याची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली, यावरून कल्पना यावी. म्हातारीकोतारी राहिली आणि तरणीताठी गेली, ही या साथीची तऱ्हा होती. त्यातही बायका जास्त.

इथे तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की अंगावर काटा येतो. तुर्कस्तानने ३० ऑक्टोबर १९१८ ला मुद्रोसच्या तहावर सही केली आणि रास-अल-ऐनचे कैदी सुटले. त्याच महिन्यात त्यांची गावे मरत होती. ज्यांना मेले म्हणून धरले होते ते जिवंत निघाले आणि ज्यांच्याकडे परत जायचे म्हणून ते जिवंत राहिले होते, ती माणसे त्याच आठवड्यांत गेली.

आजीची आई त्या आश्विनात गेली. तिला न्यायच्या वेळी भावकीत वाद झाला, हिला सवाष्ण म्हणून न्यायचे की विधवा म्हणून. तिच्या सासूने, म्हणजे शिपायाच्या आईने, कोणाचे ऐकले नाही. हिरवी बांगडी भरली, मळवट भरला, ओटी भरली. "माझ्या पोराचा कागुद आल्याला न्हाय," म्हणाली. सुनेचेच वाक्य.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एक माणूस कोरेगाव स्टेशनवर उतरून चालत गावात आला. दिवेलागण झालेली. दारात उभा राहिला, हाक मारली नाही. म्हातारी दिवा घेऊन बाहेर आली. तिने चेहऱ्याजवळ दिवा नेला आणि ओळख पटेना म्हणून विचारले, "आपल्या थोरल्या बैलाचं नाव काय?" त्याने सांगितले. "त्यो दुष्काळात मेला," म्हातारी म्हणाली आणि मग रडली. आजी हे सांगायची तेव्हा एक गोष्ट न विसरता सांगायची. बैल मेल्याचे म्हातारीने लगेच सांगितले, पण बायको गेल्याचे सांगायला तिला दुसरा दिवस उजाडावा लागला. रात्रभर तो माणूस आत कोणाची तरी चाहूल घेत बसला होता.

गावाने विचारायचे ते विचारले. घोडे खाल्ले का? त्यांनी कधीच उत्तर दिले नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. मारुतीपुढे नारळ फोडला आणि तो विषय मिटला, म्हणजे तोंडावर मिटला. पगाराची बाकी मिळाली, तिच्यातून बैलजोडी आली. तीन मेडले आली. त्यातले 'ब्रिटिश वॉर मेडल' चांदीचे असे, वजन सुमारे अडीच तोळे. ते सोनाराकडे गेले आणि त्याचे आजीचे वाळे झाले. असे पुष्कळ घरांत झाले आहे. जुन्या चांदीच्या डब्यांतून इंग्लंडच्या बादशहाचा किती चेहरा वितळला असेल, देव जाणे.

घरात बाईमाणूस हवे म्हणून वर्षाच्या आत त्यांचे दुसरे लग्न झाले. गरीबाघरची सतरा-अठरा वर्षांची मुलगी बिजवराला दिली. आजी तिला 'नवी आय' म्हणायची, आणि पंच्याऐंशी वर्षांची होऊन वारेपर्यंत नवी आयच म्हणत राहिली. या बाईचे नाव कुठल्याही कागदावर मला सापडले नाही. तिने जे केले ते मात्र आजीने मला इतक्या वेळा सांगितले आहे की मी ते पाहिल्यासारखे लिहू शकतो.

ते घरात झोपत नसत, गोठ्यात झोपत. अंधार सहन होत नसे. नव्या आयने गोठ्यात रात्रभर चिमणी जळत ठेवायला सुरुवात केली. सासू घासलेटावरून बोलली, म्हणून तिने कोंबड्या पाळल्या आणि अंडी विकून घासलेट आणले. त्यांना हात लावून उठवायचे नाही, हे ती एकदा मार खाऊन शिकली. मग लांबून तांब्यावर पळी वाजवायची, तीही हळू, आणि ते उठून बसेपर्यंत जवळ जायची नाही. त्यांच्या घोंगडीच्या घडीत भाकरीचे तुकडे सापडत, उंदीर लागत. तिने ते झाडून टाकले नाहीत. रोज रात्री फडक्यात अर्धी भाकरी बांधून ती स्वतःच उशाला ठेवू लागली. सकाळी भाकरी तशीच असली तर मुलांना वाटून द्यायची. हे पाच-सहा वर्षे चालले. एका संध्याकाळी तेच म्हणाले, "आज नगं बांधूस." सातूचे पीठ मात्र त्या घरात पुन्हा कधी झाले नाही. सातू म्हणजे जव.

हे सगळे गोड शेवटाचे नव्हते. त्यांचा हात उठत असे. कोणी बाहेरून दाराला कडी लावली म्हणून त्यांनी सख्ख्या भावाला आसुडाने फोडून काढले होते, भाऊ महिनाभर उठला नाही. आजीचे लग्न झाले त्या दिवशी वरातीपुढे बंदुकीचे बार निघणार होते. पहिला बार झाला आणि वधूपिता मांडवातून नाहीसे झाले. संध्याकाळी ते मळ्यातल्या विहिरीच्या कोरड्या थारोळ्यात बसलेले सापडले. कन्यादान चुलत्याने केले. आजीला हे शेवटपर्यंत लागून राहिले. मी मोठा झाल्यावर कुटविषयी काही वाचून तिला समजावायला गेलो, की त्यांचा दोष नव्हता, आवाजाने असे होते. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते खरं आसंल. पर म्या मागं वळून बघितलं तवा जागा मोकळी व्हती." याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात कोरेगावला भरतीची पार्टी बँड घेऊन आली. नव्या आयचा मुलगा तेव्हा अठराचा. वडिलांनी काहीच म्हटले नाही, हो नाही की नको नाही. नवी आय उंबऱ्यात उभी राहिली. मुलगा पलटणीत गेला नाही. मुंबईला जाऊन गिरणीत लागला.

इथे आणखी एका परतीचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती आपल्या गावात वेशीच्या बाहेर झाली. महार समाजाची भरती १८९० च्या दशकात बंद करण्यात आली होती. युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये '१११ वी महार' ही पलटण उभी केली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. अंगावर सरकारी गणवेश चढवून आलेला माणूस गावात आला की पुन्हा येसकरकीची काठी आणि जोहार. ज्याने बंदूक धरली त्याने पाणवठ्यापासून लांब उभे राहायचे. घरच्यांनी त्याला ओळखले, गावाने ओळखायचे नाकारले. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहात कोकणातले पेन्शनर सैनिक पुढे होते, यात मला नवल वाटत नाही. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली.

सरकारच्या स्मरणशक्तीबद्दलही दोन शब्द. मेसोपोटेमियात ज्यांना थडगे मिळाले नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक झाले. त्याच्या भिंतींवर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. तेहतीस हजारांवर हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार फक्त आकडा. म्हणजे आपल्या चावडीवर जे आहे तेच तिथे मोठ्या प्रमाणावर. मेलेल्यांचीच ही कथा, तर परत आलेल्यांना कोण विचारतो?

आजाराला नाव मिळण्याचेही तसेच. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत विलायतेच्या बोटीची वाट पाहत बसलेल्या गोऱ्या शिपायांची डोकी फिरत, म्हणून वेड लागण्याला इंग्रजीत 'डूलाली' हा शब्दच पडला. 'शेल शॉक' हा शब्द १९१५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला. आज डॉक्टर ज्याला पीटीएसडी म्हणतात ते नाव १९८० चे. आमच्या पणजोबांच्या वाट्याला यातले काही आले नाही. त्यांना 'बाहेरचे' झाले आहे असे ठरले, देवऋषी झाला, लिंबू झाले, कोंबडे झाले. कोंबडे नव्या आयच्या कोंबड्यांतलेच गेले, म्हणून ती त्या देवऋषीवर कायमची रागावलेली होती.

हे सगळे आत्ता लिहायचे कारण आपल्याच वर्गात आहे. आपल्या बॅचचे तिघे सैन्यात गेले. त्यांपैकी एकजण शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होता. त्याचे नाव लिहीत नाही, पण हा मजकूर त्याने आणि वहिनींनी वाचून होकार दिला आहे. १९८७ ते १९९० या अडीच वर्षांत तिथे आपले अकराशेहून अधिक जवान गेले. परत आलेल्या पलटणींच्या स्वागताला मद्रास बंदरावर तिथले मुख्यमंत्रीसुद्धा आले नाहीत, तर बाकीच्यांना कशाची आठवण राहणार? आपल्यालाही राहिली नाही. तो सुट्टीवर आला की आपण त्याच्याकडून कॅन्टीनचा माल मागवत होतो.

गेल्या दिवाळीत संमेलनाच्या तयारीची बैठक त्याच्या घरी झाली. सगळे गेल्यावर वहिनी सहज बोलता बोलता सांगू लागल्या. जाफन्याहून आल्यावर हा दोन वर्षे गवतातून चालला नाही. डांबरी रस्ता सोडून पाय खाली ठेवत नसे. तिकडे गवतात, पायवाटेवर, पडक्या घराच्या उंबऱ्यात कशातही सुरुंग असे. रजेवर आला की शेताकडे जायचे टाळायचा, शेत अर्धेलीने दिले. घरच्यांना वाटले, नोकरीचा माज आला. सासरे बोलायचे, दीर बोलायचे. वहिनींना कारण कळायला वर्ष गेले, कारण हा सांगतच नव्हता. मग एका पहाटे, गाव उठायच्या आत, त्या त्याला घेऊन शेताकडे निघाल्या. बांध आला तसा हा थांबला. त्यांनी चपला काढल्या आणि पुढे झाल्या. म्हणाल्या, "मी टाकते त्या पावलावर पाऊल टाका." असे त्यांनी त्या सुट्टीत रोज केले.

मी त्यांना नव्या आयच्या चिमणीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे टीव्ही चालू ठेवावा लागायचा. आवाज बंद करून."

संपादक मंडळाशी बोलून एक ठरवले आहे. संमेलनाच्या दिवशी आपल्या नववी 'ब'च्या वर्गात एक टेबल मांडणार आहोत. ज्यांच्या घरी जुने डिस्चार्जचे कागद, पासबुके, मेडले, ट्रंकेतली पत्रे असतील त्यांनी ती घेऊन यावीत. आमच्या घरचा एक फाटका कागद आणि आजीचे वाळे मी आणतो आहे. आणि कागद नसेल तरी या. त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून या, की रात्री दिवा कुठे ठेवत होत्या.